खालून तिसरा कप्पा

ते गेल्यानंतर त्यांच्याविषयी वर्तमानपत्रात पहिल्यांदा काही छापून आलं, ती एक जाहीर नोटीस होती. पान सात, खालचा कोपरा. अमुक गट नंबरची मिळकत मयत इसमाच्या वारसांच्या नावे होत आहे, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत वकिलांना कळवावे. खाली चतुःसीमा दिली होती. तीत पूर्वेला ओढा लिहिला होता. ओढा पश्चिमेला आहे.

ते असते तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती मोठ्याने वाचली असती, "बाई, ओढा उठून पलीकडे गेला," असं म्हणाले असते, आणि दुपारच्या टपालाने वकिलांना पत्र गेलं असतं. स्वतःच्याच वारसनोंदीला हरकत घ्यायची म्हणजे त्यांना फार आनंद झाला असता. तांत्रिक अडचण एवढीच, की नोटिशीतले मयत इसम ते स्वतः होते.

आमचं गाव महाड आणि पोलादपूरच्या मधे, सावित्रीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या तोंडाशी आहे. नाव लिहीत नाही. ते नकाशावर दोन ठिकाणी आलं आहे आणि दोन्ही ठिकाणी चुकीचं, असं त्यांचं म्हणणं होतं. तिसरी चूक मला करायची नाही. या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे.

ते भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झाले होते. तीसेक वर्षं त्यांनी महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या जमिनी मोजल्या. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे मोजणीदार म्हणत, मी काका म्हणत असे. उलट त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. गट नंबर राहत. बाजारात कोणी नमस्कार केला, की क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघून म्हणत, "एकशे बारा, नाय का? बांधावरचा तुझा फणस हाय का अजून?" फणस पाडला असेल तर तो माणूस रस्ता बदलून जाई. एका लग्नाच्या पंगतीत "अरे, दोनशे सातला वरण वाढा," असं त्यांनी ओरडून सांगितलं, आणि वाढप्याने बरोबर माणसाला वरण वाढलं, इतकी ती पद्धत रुळलेली होती.

माझ्या नावावर जमीन नाही, हे कळल्यावर त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग माझी अडचण समजून घेतल्यासारखे म्हणाले, "ठीक हाय. तुम्हाला बाई म्हणतो."

त्यांच्या हातात बारा महिने एक लांब दांड्याची काळी छत्री असे. दांड्यावर टोकापासून वर पांढऱ्या इंचाच्या खुणा होत्या. डबकं दिसलं की छत्री आत जाई आणि आकडा वहीत उतरे. थंडीत ते दर रविवारी गुडघ्यांसाठी जवळच्या सव गावाला जात, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसत, आणि तिथेही छत्री आधी पाण्यात जाई. पावसात मात्र ते ती पुष्कळदा मिटूनच चालत. उघडली की काड्या ढिल्या होतात आणि माप हलतं, असं कारण देत. मार्चमध्ये एकदा महाडला चवदार तळ्यावर जात. त्या दिवशी छत्री घरी ठेवत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथे मोजायला नाय जात, बाई."

वाचनालयात ते रोज साडेनवाला येत. पहिलं पान त्यांनी कधी वाचलेलं मी पाहिलं नाही. सरकार पडलं तरी त्यांना ते चार दिवसांनी, एखाद्या नोटिशीवर सही वेगळी दिसली म्हणून कळे. ते जाहीर नोटिसा वाचत, आणि त्यांचं आमच्याकडचं दुसरं वाचन म्हणजे एकच पुस्तक होतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. हा कायदा सहासष्ट सालचा, म्हणून ते त्याला "सहासष्ट" म्हणत. एखाद्या जुन्या शेजाऱ्याविषयी बोलावं तसं. "सहासष्ट काय म्हणतो, बघू या."

पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळे. सोळाव्या दिवशी ते आणून टेबलावर ठेवत आणि नियमाप्रमाणे खोलीकडे वळून विचारत, "हे दुसऱ्या कोणाला पाहिजे का?" खोलीत दोनतीन निवृत्त माणसं शब्दकोडी सोडवत असत. कोणी वर बघत नसे. मग मी तारखेचा शिक्का मारून पुस्तक पुन्हा त्यांच्याच नावावर चढवत असे. मागची चिठ्ठी भरली की मी नवी डकवी. तिच्यावरही वरपासून खालपर्यंत एकच सभासद क्रमांक.

एकदा नोंदवहीत माझी तारीख चुकली आणि मी व्हाइटनर लावला. ते समोर उभे होते.

"बाई, हे काय केलंत?"

"चूक झाली होती, काका."

"ती कुठे गेली?"

"खाली आहे."

"मग दिसत का नाय?" त्यांनी वही आपल्याकडे ओढली. "चूक एका रेघेने खोडायची. शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे. मोजणीच्या कागदावर आम्ही पांढरं फासलं असतं, तर नोकरी गेली असती."

व्हाइटनरची बाटली ते घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात छत्रीवरच्या खुणा ताज्या दिसल्या.

आता पाण्याविषयी सांगायला हवं, कारण त्यांची सगळी गोष्ट पाण्याशी येऊन थांबते. आमच्याकडे पूर ही बातमी नसते. घराघरात माळा असतो आणि जुलैच्या आधी तांदूळ, कागदपत्रं, देव माळ्यावर चढतात. पाणी किती आलं, हे आम्ही फुटांत सांगत नाही. उंबरा, खाट, मीटर, माळा, असं सांगतो. आणि काकांच्या लक्षात असं आलं होतं, की एकाच घरात एकाच दिवशी दोन वेगवेगळी पाणी येतात. तलाठी पंचनाम्याला आला, की पाणी माळ्याला लागलेलं असतं. तेच घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं, की ते उंबऱ्यावरून परत गेलेलं असतं.

त्यांना याचा राग नव्हता. त्यांनी त्यासाठी एक वही केली. तीत रकाने आखले होते. पहिला, तलाठ्याला सांगितलेलं. दुसरा, गिऱ्हाइकाला सांगितलेलं. तिसरा, मोजलेलं. शेवटी शेरा. पूर ओसरला की ते दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन घरोघर भिंतीवरचे डाग मोजत हिंडत. बायका चिखल काढता काढता म्हणत, "मोजणीदार, उभे राहून बघता काय, झाडू तरी घ्या!" ते झाडू घेत, डागाखालचा चिखल नीट झाडत, आणि मोजत.

मोठा पूर आला, त्या वर्षी वाचनालयात पाणी शिरलं ते खालून तिसऱ्या कप्प्याला लागलं. पुस्तकं फुगून लोखंडी कपाटात इतकी घट्ट बसली, की पहार लावून काढावी लागली. खालच्या तीन कप्प्यांत चरित्रं होती, बालवाङ्मय होतं आणि कायदा होता. त्यातलं वाचलं ते एकच पुस्तक. ते त्यांच्याकडे, त्यांच्या माळ्यावर होतं. तिसऱ्या दिवशी ते आले, कपाटावरच्या गंजाच्या रेघेला छत्री लावली, आकडा लिहिला, पिशवीतून सहासष्ट काढून टेबलावर ठेवला आणि रिकाम्या खोलीकडे वळून विचारलं, "हे दुसऱ्या कोणाला पाहिजे का?"

मला तेव्हा हसू आलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

दोन वर्षांनी गावाची नगरपंचायत झाली. गावाचं शहर झालं, म्हणजे पाटी बदलली. पण शहर झालं की कायद्याने विकास आराखडा करावा लागतो. कुठली जमीन शेतीची, कुठली घरांची, रस्ता कुठून, शाळा कुठे, हे सगळं नकाशावर रंगवून ठरवायचं. त्यासाठी आधी सर्वेक्षण झालं. दोन तरुण इंजिनिअर मुली घरोघर टॅबलेट घेऊन आल्या आणि अगदी नम्रपणे विचारू लागल्या, "मोठ्या पुराच्या वेळी तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं?"

त्या यायच्या आधी बातमी आली होती. जिथे पाणी येतं म्हणून सांगाल, तिथे निळी पूररेषा पडेल. रेषेच्या आत बांधकाम बंद. जमिनीचा भावही बसला.

त्या दोन दिवसांत आमच्या गावात कुठेच पूर आलेला नव्हता. ज्यांनी पंचनाम्यात माळा सांगितला होता, त्यांनी उंबरा सांगितला. एका आजींनी तर सांगितलं, "पाणी कसलं गो बाय, जरा ओल आलेली." त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीवर डाग होता. मुलीने तो पाहिला असणार, पण टॅबलेटवर सांगितलेलं भरायचं होतं.

मीही सांगितलं. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष सिमेंट-पत्र्याचे व्यापारी आहेत. नव्या इमारतीसाठी ते धावपळ करत होते. ते आदल्या दिवशी म्हणाले, "बाई, पायरी म्हणा. परवानगी अडकली तर पुस्तकंच उघड्यावर येतील." मी पायरी म्हटलं. मुलीने "पायरी" असं भरलं आणि माझी सही घेतली. कपाट तिच्या डाव्या हाताला होतं. खालचे कप्पे मी वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांनी झाकले होते.

परवानगी मिळाली. इमारत अजून झालेली नाही. परवानगी फ्रेम करून भिंतीवर लावली आहे.

मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. नगरपंचायतीच्या व्हरांड्यात भिंतभर नकाशा लागला. पिवळं म्हणजे घरं, हिरवं म्हणजे शेती. काका त्याच्यासमोर साडेनऊपासून एकपर्यंत उभे होते. गावच्या खालच्या अंगाला, ओढा आणि नदीच्या मधे, एक सखल पट्टा आहे. गाळाची जमीन. आमच्याकडे तिला मळई म्हणतात. पुराचं पाणी आधी मळईत पसरतं, तिथे भरतं, आणि उरलेलं बाजारात येतं. नकाशावर मळई पिवळी होती. निळी रेषा तिच्या पलीकडून, नदीला बिलगून, सरळ गेली होती. गावाने सांगितल्याप्रमाणे.

मळईत काकांची स्वतःची सव्वा एकर जमीन होती. वडिलांकडून आलेली. आराखड्यामुळे तिचा भाव रातोरात कितीतरी पट झाला होता, आणि लोक त्यांना पेढे मागत होते.

कायदा असा आहे, की प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवसांत कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो, आणि त्याला बोलावून ऐकावं लागतं. काकांनी पहिल्याच दिवशी हरकत दिली. इथे एक सांगायला हवं. हा शब्द ते एरवी वापरतच नसत. "चहा घेणार?" असं विचारलं तर आपण म्हणतो, हरकत नाही. ते म्हणत, "घेईन." तो शब्द ते कामासाठी राखून ठेवत, चांगला सदरा ठेवावा तसा.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. जिल्ह्याहून साहेब आले होते. आम्ही सगळे बाकांवर बसलो होतो. माझ्या शेजारी अध्यक्ष. शिपायाने चौतीसवा क्रमांक पुकारला आणि काका छत्री घेऊन पुढे गेले.

"मळईत जमीन आहे ना तुमची?" साहेबांनी विचारलं.

"हाय. सव्वा एकर."

"आराखड्यात ती पिवळ्यात आली आहे."

"आलीये."

"आणि तुमची हरकत अशी, की ती पिवळ्यातून काढून हिरव्यात टाका?"

"माझ्यासकट सगळी मळई."

साहेबांनी अर्ज उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं. "सकाळपासून तेहतीस जण येऊन गेले. प्रत्येकाला हिरव्यातून पिवळ्यात जायचंय. तुम्ही उलटे निघालात."

"साहेब, ते पावसात छत्री पण मिटून चालतात!" मागून कोणीतरी म्हणालं. सभागृह हसलं. साहेबही हसले. काका हसू संपेपर्यंत थांबले.

"मळईत पाणी माणूसभर चढतं," ते म्हणाले. "तिथे मावतं म्हणून बाजारात कमरेइतकंच येतं. भराव टाकून मळई उचललीत, की तेच पाणी बाजारात. पाणी कमी नाय होणार. जागा बदलेल."

"पण बाजारात पाणी पायरीपर्यंतच येतं." साहेबांनी गठ्ठा पुढे केला. "गावानेच सांगितलंय. या सह्या."

"सह्या हायत," काका म्हणाले.

"तुमची पातळी वेगळी आहे. पुरावा?"

काकांनी वही दिली. साहेबांनी रकाने पाहिले आणि त्यांचा चेहरा थोडा बदलला. मला वाटतं, ती त्यांना आवडली. पण ते म्हणाले, "ही तुमची वही. दुसरं कोणी सांगेल?"

तांदळाच्या गोदामाचे चाचा उठले. त्यांच्या गोदामाच्या लाकडी दारावर वडिलांच्या काळापासून प्रत्येक पुराची खूण चाकूने कोरलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"साहेब, माझ्या दारावर खुणा हायत ना. माझ्या वालिदनी केलेल्या."

"चला, बघू या. कुठे आहे दार?"

चाचांनी टोपी सारखी केली. "आता शटर हाय, साहेब. पोराने कुवेतवरनं पैसे धाडले, शटर बसवला."

"आणि दार?"

"दावतीच्या बिर्याणीला जळण कमी पडला होता."

पुन्हा हशा झाला. चाचाही हसले आणि मग हसता हसता खाली बसून काकांकडे बघेनात.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "आणखी कोणी?"

काकांनी सभागृहावरून नजर फिरवली. एकशे बारा, दोनशे सात, सगळे होते. नजर माझ्यावर आली. एखाद्या खांबावर थांबावी तितकीच थांबली आणि पुढे गेली. गंजाची रेघ अजून कपाटावर होती. ती मोजायला त्या सभागृहातून चार मिनिटं चालावं लागलं असतं. अध्यक्षांनी माझ्यापुढे बडीशेपेची डबी धरली. मी चिमूटभर घेतली.

"नाय," काका म्हणाले.

सात-आठ महिन्यांनी निर्णय आला. काकांच्या हरकतीपुढे लिहिलं होतं, "अर्जदाराच्या जमिनीपुरती मान्य." सगळी मळई पिवळी राहिली आणि तिच्या मधोमध त्यांची सव्वा एकर हिरवी झाली. नकाशावर ती, पिवळ्या लुगड्याला ठिगळ लावावं, तशी दिसत होती. गावाला महिनाभर दुसरा विषय नव्हता. "मोजणीदाराने स्वतःलाच मोजून काढलं," असं लोक म्हणत.

त्यांनी मात्र निर्णयाची प्रत वाचनालयात आणून मला दाखवली. "कायद्याने झालं," ते म्हणाले. समाधानाने म्हणाले का, ते मला आजही सांगता येत नाही.

आजूबाजूच्यांनी भराव टाकायला सुरुवात केली. घाटाकडच्या रस्त्याच्या कामातली माती डंपरने येई. चारी बाजूंची जमीन उचलली गेली आणि त्यांची होती तिथेच राहिली. पावसाळ्यात तिचं तळं होई. बगळे येत. लोक तिला मोजणीदाराचं तळं म्हणू लागले. ते रोज संध्याकाळी तिथे जाऊन छत्री बुडवत.

त्या वर्षी पाणी वाचनालयाच्या पायरीला लागलं आणि आत आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आले.

"बाई, तळ्यात पाणी राहिलं ते मोजलं. त्या हिशेबाने बाजारात चार बोटं पाणी कमी चढलंय."

"चार बोटंच?"

"तुमचा उंबरा तीन बोटांचा हाय."

ते कपाटाजवळ गेले. रिकाम्या खालच्या कप्प्यावरून हात फिरवला. "आता हा वापरायला हरकत..." ते म्हणाले आणि थांबले. "वापरा," म्हणाले.

मी वापरला नाही. त्या सभागृहाविषयी त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. काढायला रोज साडेनऊला संधी होती.

ते वैशाखात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. पुस्तक त्यांच्या उशाशी होतं, मुदत संपायला सहा दिवस बाकी होते.

मुलगा डोंबिवलीला असतो. एका कंपनीत स्टोअरला. वडिलांसारखाच हळू बोलतो. वर्षश्राद्धाला आला तेव्हा वाचनालयात आला. एका हातात सहासष्ट, दुसऱ्या हातात छत्री, काखेत वह्यांचा गठ्ठा.

"उशीर झाला, बाई. दंड किती होतो सांगा."

मी दंड नाही म्हणून सांगितलं.

"या वह्या रद्दीत देववत नाहीत. तुम्ही ठेवाल?" तो बसला. बराच वेळ छत्रीच्या खुणांवरून नखं फिरवत राहिला. "मी त्या जमिनीचा रंग बदलायला अर्ज केलाय. हिरव्याची पिवळी. कलम सदतीस. नगरपंचायतीने ठराव केला, पुढच्या आठवड्यात नोटीस येईल. महिनाभरात कोणाची हरकत आली नाही, तर होईल म्हणतात."

"हं."

"चारी बाजूंनी भराव झालाय, बाई. एकटा तुकडा खाली ठेवून काय होणार? बाबांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतःची पाण्यात घातली. आम्ही डोंबिवलीत चौघं एका खोलीत राहतो. मी त्यांना कधी बोललो नाही." तो हसला. "वकील म्हणाले, हरकत घेणारा एकच माणूस होता गावात."

मी त्याला चहा दिला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

तो गेल्यावर मी वही उघडली. मोठ्या पुराचं पान. वाचनालयाची ओळ शोधायला वेळ लागला नाही. पहिल्या रकान्यात, तलाठ्याला सांगितलेलं: खालून चौथा कप्पा. तेही मीच सांगितलं होतं, एक कप्पा वाढवून, हे मी विसरले होते. दुसऱ्या रकान्यात, गिऱ्हाइकाच्या जागी, सर्वेक्षणाच्या मुलींना सांगितलेलं: पायरी. तिसऱ्या रकान्यात: खालून तिसरा कप्पा, दोन फूट अकरा इंच. शेवटी शेरा. बाकीच्यांपुढे त्यांनी बारीक अक्षरात "खोटं", "निम्मं खरं", "घाबरून" असं लिहिलं होतं. चाचांपुढे "दार!" एवढंच. माझ्यापुढे लिहिलं होतं, "सांगतील."

नोटीस आली. पान सात. मी ती वाचनालयात, मोठ्याने नाही, पण पूर्ण वाचली. मग सहासष्ट काढला, मागच्या चिठ्ठीवर पहिल्यांदाच वेगळा सभासद क्रमांक लिहिला, तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक घरी नेलं. कलम सदतीस समजायला मला अकरा दिवस लागले. मी कायद्याची माणूस नाही.

अध्यक्षांना आधी सांगणं भाग होतं. ते दुकानात होते.

"बाई, ती सही तुमची आहे," ते म्हणाले. "खोटं सांगितलं असं लिहून देणार? आणि परवानगीचं काय?"

"ती भिंतीवर आहे."

"लोक हसतील."

"हो."

मुलालाही फोन केला. न सांगता करणं बरं दिसलं नसतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्याने विचारलं, "आज कितवा दिवस?"

"अठरावा."

"बाबा पहिल्या दिवशी द्यायचे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

माझी हरकत एका पानाची होती. तिला सर्वेक्षणातल्या माझ्या जबाबाची प्रत जोडायची होती. ती मी नगरपंचायतीतून मागून घेतली होती. प्रतीवर "पायरी" या शब्दावर मी एक रेघ मारली, शेजारी "खालून तिसरा कप्पा" असं लिहिलं आणि सही केली. पायरी वाचता येत होती.

नगरपंचायतीच्या खिडकीत आवक-जावकचा कारकून आहे. गावातलाच, दोनशे सातचा धाकटा. डोळ्यांनी पेपर वाचत आणि हाताने काम करत असतो. मी कागद आत सरकवला.

"काय हाय?"

"मळईच्या जमिनीबद्दल हरकत."

त्याने आवक-नोंदवही ओढली, तारीख घातली, अनुक्रमांक घातला आणि पेपरवरची नजर न काढता सवयीने नाव लिहिलं. मग थांबला. वहीकडे बघितलं. काकांचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. या गावात ते नावाने फक्त त्या वहीतच होते.

"आयला," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी बाई. हाताला सवय. थांबा." आणि त्याने खण उघडून व्हाइटनर काढला.

"तो नको," मी म्हटलं.

"वरच्या साहेबांना खाडाखोड चालत नाय, बाई."

"एक रेघ मारा. शेजारी माझं नाव लिहा. सही करा."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या कागदावरच्या रेघेकडे पाहिलं. व्हाइटनर आत टाकून खण बंद केला. पट्टी शोधली, नावावर ठेवली आणि अगदी सावकाश, सरळ, एक रेघ मारली. शेजारी माझं नाव लिहिलं. खाली सही केली. पुढचा रकाना गट नंबरचा होता.

"गट नंबर?"

"नाही. माझ्या नावावर जमीन नाही."

"मग संबंध काय लिहू?"

"लिहा, खालून तिसरा कप्पा," मी सांगितलं. त्याने मान वर केली, मी गंमत करत नाही ना ते बघितलं, आणि लिहिलं. मग वही माझ्याकडे फिरवून म्हणाला, "बघा, बरोबर हाय का."

मी पाहिलं. बरोबर होतं. रेघेखालचं नावही वाचता येत होतं.